पुन्हा मार्लवाईकडे : प्रा. हायमेनडॉर्फ यांचे जीवन

शालान्त परीक्षा जवळ आली की आपल्या शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. पुढे कोणता व्यवसाय करावयाचा? कोणी हैदराबादेस जाण्याची स्वप्ने पाहतो, कोणास नागपूर खुणावते, कोणी सातासमुद्रापलीकडच्या विद्यापीठांची नावे वहीच्या मागील पानावर लिहून ठेवतो. सतराव्या वर्षी माणसास जग अफाट वाटते आणि हाताशी असलेला काळ त्याहूनही अफाट वाटतो. याच विद्यार्थ्याचे आजोबा मात्र ओसरीवर बसून गावातील विहिरीची, शेताच्या बांधाची आणि जुन्या सोबत्यांची चौकशी करीत असतात. त्यांना दूरचे काही नको असते. जवळचे जतन व्हावे एवढीच त्यांची इच्छा असते. एकाच घरातील या दोन माणसांच्या आवडींत एवढे अंतर का पडते? वयामुळे, की हाती उरलेल्या काळाच्या जाणिवेमुळे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपणांस दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात, जैनूरजवळच्या डोंगराळ भागात मार्लवाई नावाचे लहानसे गोंड गाव आहे. २०१६ साली जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून ते कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. त्या गावात एका परदेशी पतिपत्नीची स्मृती आजही जपली जाते. पती व्हिएन्ना नगरीत जन्मलेले आणि लंडनच्या विद्यापीठात प्राध्यापकपद भूषविलेले जगद्विख्यात मानववंशशास्त्रज्ञ. त्यांचे नाव क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ. तारुण्यात त्यांनी काय निवडले, मध्यम वयात काय सोडले आणि उतारवयात पुन्हा कशाकडे वळले, हे पाहिले असता व्यवसायाची निवड ही एकदाच करून संपणारी गोष्ट नव्हे, हे सहज ध्यानात येते.

हायमेनडॉर्फ यांचा जन्म १९०९ साली ऑस्ट्रिया देशाच्या राजधानीत, व्हिएन्ना येथे, एका उमराव घराण्यात झाला. ते पाच वर्षांचे असताना पहिले महायुद्ध पेटले आणि ते संपले तेव्हा ऑस्ट्रियाचे जुने साम्राज्य लयास गेले होते. घराण्याच्या नावावर विसंबून जगण्याचे दिवस सरले होते. तरुण क्रिस्टोफने विद्येचा मार्ग धरला. व्हिएन्ना विद्यापीठात त्यांनी मानववंशशास्त्राचा अभ्यास केला आणि आसाम व ब्रह्मदेश यांच्या डोंगराळ प्रदेशांतील जमातींवर प्रबंध लिहून १९३१ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, डॉक्टरेट मिळविली. यातील मौज अशी की, ज्या लोकांविषयी त्यांनी प्रबंध लिहिला त्यांस त्यांनी तोवर पाहिलेलेही नव्हते. सारा अभ्यास ग्रंथालयात बसून झालेला होता.

पुस्तकांतील हे जग प्रत्यक्ष पाहावे असा ध्यास एखाद्या विशीतील विद्वानाने घ्यावा, यात नवल नाही. १९३५ साली शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनला गेले. तेथे मालिनोव्स्की हे थोर मानववंशशास्त्रज्ञ आपल्या विद्यार्थ्यांस लोकांमध्ये राहून, त्यांची भाषा बोलून अभ्यास करण्याची शिस्त लावीत होते. तेथेच नागा लोकांचे जाणकार जे. पी. मिल्स या ब्रिटिश अधिकाऱ्यांशी हायमेनडॉर्फ यांचा परिचय झाला आणि १९३६ साली ते भारतात येऊन थेट नागा टेकड्यांत पोहोचले. कोन्याक नागांमध्ये सुमारे वर्षभर राहून ते युरोपात परतले आणि १९३९ साली त्यांचे नागांविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. तिशी गाठावयाच्या आत त्यांनी नाव कमावले होते.

याच सुमारास, १९३८ साली, त्यांचा विवाह एलिझाबेथ बार्नार्डो या इंग्रज युवतीशी झाला. त्यांस सारे बेटी म्हणत. पुढील जवळजवळ पन्नास वर्षे बेटी यांनी पतीच्या प्रत्येक प्रवासात, प्रत्येक मुक्कामात आणि प्रत्येक ग्रंथाच्या सिद्धतेत बरोबरीने श्रम केले. हायमेनडॉर्फ यांचे चरित्र सांगावयाचे तर ते दोघांचे म्हणूनच सांगितले पाहिजे.

१९३९ साली हे दांपत्य भारतात आले. पुन्हा नागांकडे जावे आणि अपुरा अभ्यास पुरा करावा असा बेत होता. परंतु त्याच वर्षी सप्टेंबरात दुसरे महायुद्ध सुरू झाले. आदल्या वर्षी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला असल्यामुळे हायमेनडॉर्फ यांच्या हाती जर्मन पारपत्र होते आणि ब्रिटिशांच्या राज्यात ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांस ताब्यात घेण्यात आले. परंतु छावणीत न डांबता निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहण्याची मुभा मिळाली. सीमा ओलांडावयाची नाही, एवढीच अट होती.

तीस वर्षांच्या महत्त्वाकांक्षी माणसाच्या दृष्टीने हा केवढा आघात! आसाम दूर राहिला, युरोप दूर राहिला आणि युद्ध किती वर्षे चालेल हे कोणासच ठाऊक नव्हते. परंतु जे क्षेत्र मोकळे होते त्यातच हायमेनडॉर्फ यांनी कामास आरंभ केला. कृष्णेच्या उत्तरेस, अमराबादच्या पठारावर कंदमुळे व शिकार यांवर निर्वाह करणाऱ्या चेंचू लोकांत ते प्रथम राहिले. त्यानंतर गोदावरीच्या खोऱ्यातील कोंडा रेड्डी लोकांत गेले. या दोन्ही जमातींवरील ग्रंथ १९४३ व १९४५ साली प्रसिद्ध झाले. या दोन अभ्यासांनंतर ते आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात आले.

त्या वेळी या जिल्ह्याची स्थिती मोठी विदारक होती. पैनगंगा, वर्धा आणि गोदावरी यांच्या मधल्या या डोंगराळ प्रदेशात गोंडांचे राजे एके काळी नांदत होते. चंद्रपूर येथील त्यांच्या किल्ल्याचा कोट आजही उभा आहे. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राखीव जंगलांच्या सीमा आखल्या गेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेली शेते जंगल म्हणून सरकारजमा होऊ लागली. जी जमीन उरली तिचे पट्टे कागद जाणणाऱ्यांच्या नावे झाले. बाहेरून आलेल्या या जमीनदार-सावकारांत तेलुगू बोलणारे होते, तसेच मराठी बोलणारेही होते, हे आपण मराठी विद्यार्थ्यांनी प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. ज्याने जमीन नांगरली तो कूळ बनला आणि ज्याने अर्ज लिहिला तो मालक झाला. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कोमरम भीम यांनी या अन्यायाविरुद्ध बंड पुकारले आणि पोलिसांच्या गोळीबारात त्यांस वीरमरण आले. या घटनेने निजाम सरकारास जाग आली. गोंडांच्या असंतोषाचे मूळ कोठे आहे हे जाणून घेण्याची निकड सरकारास भासू लागली आणि हे कार्य हायमेनडॉर्फ यांच्याकडे आले.

त्यांनी आपले ठाणे मार्लवाई येथे दिले. गावाचे प्रमुख लच्छू पटेल यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. गावकऱ्यांच्या घरांसारखेच गवताने शाकारलेले घर उभारून पतिपत्नी तेथे राहू लागली. ते गोंडी शिकले. परधान गायकांकडून गोंडांच्या कुलदैवतांच्या आणि वीरांच्या दीर्घ कथा ऐकून त्यांनी त्या टिपून घेतल्या. पेरसापेनची पूजा, दंडारीचे नृत्य, केस्लापूरची नागोबाची जत्रा, सारे त्यांनी डोळसपणे पाहिले. परंतु लवकरच त्यांस कळून चुकले असावे की, जमीन हातची गेलेल्या माणसाच्या केवळ कथा लिहून घेणे पुरेसे नाही. संशोधक म्हणून आलेला हा मनुष्य हळूहळू गोंडांचा कैवारी बनला.

त्या काळी संस्थानचे महसूल खाते ग्रिग्सन या अधिकाऱ्यांकडे होते. बस्तरच्या माडिया गोंडांवर त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला असल्यामुळे आदिवासींच्या प्रश्नांची त्यांस जाण होती. हायमेनडॉर्फ यांनी अहवाल लिहावेत आणि सरकारने त्यांची दखल घ्यावी, असा दुर्मिळ योग त्यामुळे जुळून आला. उपाययोजनेची दोन अंगे होती. एक जमिनीचे आणि दुसरे अक्षराचे. गोंड व कोलाम शेतकऱ्यांस त्यांच्या नावाने जमिनीचे पट्टे देण्यास प्रारंभ झाला. एकंदर हजारो कुटुंबांच्या हाती मालकीचा कागद आला. पुढे १३५६ फसलीत, म्हणजे १९४६ साली, आदिवासी क्षेत्रांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि १९४९ साली त्यास अधिक बळकटी आली.

दुसरे अंग शिक्षणाचे होते. १९४३ साली मार्लवाई येथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र उघडण्यात आले. गोंडी भाषेस प्रचलित अशी लिपी नव्हती. तेव्हा देवनागरी लिपीत गोंडीची वाचनपुस्तके तयार करण्यात आली. येथील अनेक गोंडांस मराठी समजत असे, त्यामुळे ही लिपी पुढील शिक्षणासही उपयोगी पडणारी होती. आपण ज्या अक्षरांत हे वार्षिक वाचीत आहोत त्याच अक्षरांत मार्लवाईच्या मुलांनी आपली मायबोली प्रथम कागदावर पाहिली. ज्या तरुण गोंडांनी त्या केंद्रात पाटी हाती घेतली, त्यांच्या निवडीचाही येथे विचार करावा. त्यांच्या पूर्वजांत कोणी शिक्षक नव्हता. नांगर आणि जंगल यांखेरीज तिसरा व्यवसाय त्यांनी पाहिलेला नव्हता. तरीही, पुढे काय होईल याची कसलीही शाश्वती नसताना, ते शिक्षक झाले. आयुष्याचा मोठा भाग पुढे असणाऱ्यासच असे धाडस करता येते.

या कार्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा होता. निलंगा येथे १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हे हैदराबादच्या मुलकी सेवेतील अधिकारी. समाजसेवा अधिकारी म्हणून त्यांची आदिलाबादेस नेमणूक झाली. ते हायमेनडॉर्फ यांच्याहून एका वर्षाने लहान होते. सरकारी चाकरी करीत असतानाच त्यांनी गोंडी भाषा आत्मसात केली, तिचे व्याकरण लिहिले आणि आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तकही प्रसिद्ध केले. पुढे ते महाराष्ट्राच्या गॅझेटियरचे संपादक झाले, फारसी साधनांच्या आधारे मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास करणारे थोर इतिहासकार म्हणून गाजले आणि १९९२ साली पद्मभूषण या किताबाने गौरविले गेले. १९९४ साली त्यांचे निधन झाले. तरुणपणी प्रशासन आणि प्रौढपणी इतिहास, असा त्यांच्या आयुष्याचा प्रवाह वळला. परंतु भाषांवरील प्रेमाचा धागा दोन्ही पर्वांत अखंड राहिला.

१९४४ साली हिंदुस्थान सरकारने हायमेनडॉर्फ यांस ईशान्येकडील सुबनसिरी नदीच्या खोऱ्यात विशेष अधिकारी म्हणून पाठविले. पाच वर्षांपूर्वी शत्रू ठरलेल्या माणसावर त्याच सरकारने एवढा विश्वास टाकावा, हा काळाचा महिमा! तेथे आपातानी लोकांत राहून ते पुन्हा हैदराबादेस परतले. आदिवासींच्या प्रश्नांवरील सल्लागार म्हणून त्यांनी काम केले आणि उस्मानिया विद्यापीठात अध्यापनही केले. आदिलाबादच्या राजगोंडांवरील त्यांचा मोठा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या मुखपृष्ठावर पहिला भाग असा उल्लेख होता. त्यात गोंडांच्या दैवतकथा आणि धार्मिक विधी आले होते. त्यांचे समाजजीवन पुढील भागात यावयाचे होते. परंतु तो पुढील भाग त्या काळी निघाला नाही.

१९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई होऊन हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात सामील झाले. जुनी राजवट गेली, जुने अधिकारी पांगले. १९४९ साली लंडन विद्यापीठाच्या पौर्वात्य व आफ्रिकी विद्यांच्या संस्थेत हायमेनडॉर्फ यांस अध्यापकाचे पद मिळाले आणि त्यांनी ते स्वीकारले. त्या वेळी त्यांचे वय चाळीस होते.

या निवडीविषयी आपण काय म्हणावे? मार्लवाईच्या शाळा नुकत्याच रुजत होत्या, पट्ट्यांची शाई पुरती वाळली नव्हती. अशा वेळी निघून जाणे हा पाठ फिरविण्याचा प्रकार होता काय? दोष देणे सोपे आहे. परंतु चाळिशीच्या विद्वानापुढे अजून पाव शतकाचा कर्तृत्वाचा काळ उभा असतो. पदरी संसार असतो. आणि सल्लागाराची नोकरी सरकारच्या मर्जीवर अवलंबून असते, तर विद्यापीठातील आसन स्थिर असते. त्यांनी स्थैर्य आणि विस्तार यांची निवड केली. त्या निवडीचे फळही थोर होते. १९५१ साली ते आशियाई मानववंशशास्त्राचे प्राध्यापक झाले. परकीयांस नेपाळची दारे नुकतीच उघडली होती. १९५३ साली ते तेथे पोहोचले आणि एव्हरेस्टच्या पायथ्याशी राहणाऱ्या शेर्पा लोकांचा त्यांनी सखोल अभ्यास केला. शेर्पांवरील त्यांचा ग्रंथ १९६४ साली निघाला. अनेक विद्यार्थी त्यांच्या हाताखाली घडले. इंग्लंडच्या राजमान्य मानववंशशास्त्र संस्थेचे अध्यक्षपदही त्यांस लाभले. नागा, चेंचू, रेड्डी, गोंड, आपातानी, शेर्पा, एवढ्या भिन्न समाजांत राहून लिहिणारे विद्वान जगात विरळाच. त्यांच्या तारुण्याचे व मध्यम वयाचे सूत्र एकच होते. नवा प्रदेश, नवे लोक, नवे ज्ञान.

इकडे आदिलाबादेत मात्र काळ थांबला नव्हता. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली. किनवट आणि राजुरा हे भाग जिल्ह्यातून निघून मराठी मुलखास जोडले गेले, उर्वरित जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. शाळांतून तेलुगू आली आणि देवनागरीतील गोंडी वाचनपुस्तके मागे पडली. रस्ते झाले, बाजार वाढले, कापसाचे पीक फोफावले आणि त्यांच्या मागोमाग जमिनीची हाव असलेले लोकही डोंगरांत शिरले. आदिवासींची जमीन इतरांनी घेऊ नये असा कायदा होता. परंतु कर्जाच्या, बटाईच्या आणि तोंडी व्यवहाराच्या मार्गाने जमिनी हातोहात गेल्या. १९४० नंतरच्या दशकात मिळालेले पट्टे अनेक घरांत केवळ कागद म्हणून उरले.

१९७६ साली हायमेनडॉर्फ लंडनच्या प्राध्यापकपदावरून निवृत्त झाले. वय सदुसष्ट. कीर्ती होती, निवृत्तिवेतन होते. इंग्लंडमधील एखाद्या टुमदार घरात बागकाम करीत आणि जुनी टिपणे चाळीत उर्वरित आयुष्य घालविण्यास काहीच प्रत्यवाय नव्हता. नवीन प्रदेश हिंडण्याची हौस असती तर तीही पुरविता आली असती. परंतु त्यांनी आणि बेटी यांनी निराळेच ठरविले. ज्या लोकांत आपण तिशीत राहिलो त्यांचे पुढे काय झाले, हे जाऊन पाहावयाचे. निवृत्तीनंतरची काही वर्षे त्यांनी आंध्र प्रदेशातील आणि ईशान्येकडील आपल्या जुन्या अभ्यासक्षेत्रांत पुन्हा हिंडण्यात वेचली आणि त्या भ्रमंतीत आदिलाबादचे स्थान अग्रभागी होते.

मार्लवाईस ते परतले तेव्हा त्यांच्या ओळखीची मुले नातवंडे खेळविण्याच्या वयाची झाली होती. तीस वर्षांपूर्वी गावागावांतून टिपलेली माहिती त्यांच्यापाशी होती. कोणाकडे किती जमीन, कोणाचे किती बैल, कोणाच्या नावे पट्टा, हे सारे जुन्या वह्यांत होते. त्या नोंदींशी त्यांनी वर्तमान ताडून पाहिले. तरुणपणी ज्या नोंदी केवळ अभ्यासासाठी केल्या होत्या, त्यांचे म्हातारपणी साक्षीपुराव्यात रूपांतर झाले. जमीन कशी व किती हातची गेली हे दाखविण्यास असा साक्षीदार दुसरा नव्हता. कारण दोन्ही काळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला विद्वान तोच एक होता.

१९७९ साली, वयाच्या सत्तरीत, त्यांनी बेटी यांच्या साहाय्याने आंध्र प्रदेशातील गोंडांवर नवा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९४८ सालच्या ग्रंथात जे समाजजीवन यावयाचे राहिले होते ते एकतीस वर्षांनी या ग्रंथात आले. त्यानंतर १९८१ च्या एप्रिल महिन्याच्या २० तारखेस इंद्रवेल्ली येथे जमिनीच्या प्रश्नावर एकत्र जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि अनेक जीव गेले. चाळीस वर्षांपूर्वी जोडेघाटात जो प्रश्न पेटला होता तोच पुन्हा पेटला. १९८२ साली हायमेनडॉर्फ यांचा भारतातील आदिवासींच्या जीवनसंघर्षावरील ग्रंथ निघाला. त्यात जमिनीची, जंगलाची आणि शिक्षणाची दशा त्यांनी परखड शब्दांत मांडली आहे. तिशीतील ग्रंथांत संशोधकाचे कुतूहल अधिक होते, तर या ग्रंथात एका वडीलधाऱ्याची तळमळ आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लॉरा कार्स्टेन्सन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी या विषयावर महत्त्वाचा विचार मांडला. पुढे विपुल काळ आहे असे ज्यास वाटते तो नवे ज्ञान, नव्या ओळखी आणि भावी काळात उपयोगी पडेल असे कार्य निवडतो. काळ थोडा उरला आहे अशी ज्याची जाणीव असते तो अर्थपूर्ण वाटणारे कार्य आणि जिव्हाळ्याची माणसे निवडतो. यात ध्यानी घेण्यासारखी गोष्ट अशी की, खरे कारण केवळ वय नसून काळाची जाणीव हे आहे. गंभीर आजाराने ग्रासलेला तरुणदेखील वृद्धांसारखीच निवड करतो, असे त्यांना आढळून आले. हायमेनडॉर्फ यांनी हा सिद्धान्त वाचून आपले आयुष्य आखले नव्हते. परंतु त्यांच्या जीवनात तो जणू डोळ्यांपुढे उभा राहतो. तिसाव्या वर्षी बंधन पडले तरी त्यांनी नव्याचाच शोध घेतला. चाळिसाव्या वर्षी विस्तार निवडला. सदुसष्टाव्या वर्षी, सारे जग मोकळे असताना, ते ओळखीच्या डोंगराकडे वळले.

११ जानेवारी १९८७ रोजी हैदराबाद येथे बेटी यांचे देहावसान झाले. विवाह युरोपातील, हयात अर्ध्या जगात गेलेली. परंतु त्यांच्या इच्छेनुसार त्यांस मार्लवाईच्या मातीत मूठमाती देण्यात आली. गोंडांनी आपल्या माणसासारखाच त्यांचा अंत्यविधी केला. त्यानंतर हायमेनडॉर्फ यांनी आत्मचरित्र लिहिले. ते १९९० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांनी ऐंशी वर्षे ओलांडली होती. भारतातील आदिवासींमध्ये गेलेले आयुष्य हाच त्याचा विषय होता. लंडनची प्राध्यापकी पाव शतकाची होती, परंतु आयुष्याचा हिशेब मांडताना त्यांनी मथळ्यात स्थान दिले ते आदिवासींमधील दिवसांना. ११ जून १९९५ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, लंडन येथे त्यांचे निधन झाले. पुढे २०१२ साली त्यांच्या पुत्राने त्यांच्या अस्थी मार्लवाईस आणल्या आणि बेटी यांच्या समाधीशेजारी त्यांस चिरविश्रांती मिळाली. दरवर्षी जानेवारी महिन्यात आसपासचे गोंड तेथे जमून या उभयतांस आदरांजली वाहतात.

विद्यार्थी मित्रहो, या चरित्रापासून आपण कोणता बोध घ्यावा? सतराव्या वर्षी दूरचे जग खुणावते म्हणून कोणी स्वतःस अपराधी मानू नये. तो त्या वयाचा धर्मच आहे. हायमेनडॉर्फ तरुणपणी घराबाहेर पडलेच नसते तर ते मार्लवाईपर्यंत पोहोचलेच नसते. आपले वडील किंवा आजोबा अमुकच नोकरी धर असा आग्रह धरतात, तेव्हा त्यांची दृष्टी आपल्याहून भिन्न काळावर खिळलेली असते, हेही आपण समजून घ्यावे. दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. म्हणून आज निवडलेला व्यवसाय म्हणजे जन्मभराची बेडी असे मानू नये. मात्र जे काम हाती घ्याल ते नीट नोंदवून ठेवावे, आणि ज्या माणसांनी आपणांस आपल्या उंबरठ्यावर आश्रय दिला त्यांचा पत्ता हरवू देऊ नये. उतारवयात परतण्याची इच्छा अनेकांस होते. परतण्याजोगे स्थान मात्र ज्याने तरुणपणी जोडून ठेवले त्यासच लाभते.

यासोबतच एक कटू सत्यही विसरता कामा नये. हायमेनडॉर्फ परतले तेव्हा मधल्या पाव शतकात पुष्कळ जमीन गेली होती आणि ती त्यांच्या ग्रंथांनी परत आली नाही. ते येथेच राहिले असते तर ती वाचली असती काय, हे कोणीही सांगू शकणार नाही. एका माणसाच्या राहण्याने एवढा मोठा ओघ थोपला असता असे वाटत नाही. परंतु ज्ञानसंपादनासाठी आपल्यापुढे जसा काळ असतो, तसाच काळ अन्यायाच्याही हाती असतो आणि तो आपली वाट पाहत थांबत नाही. म्हणून ऋण फेडण्याचे काम सर्वस्वी निवृत्तीवर टाकू नये. तारुण्यात त्याचा थोडा तरी अंश फेडीत जावे.

मार्लवाई आपल्यापासून फार दूर नाही. ज्यास शक्य असेल त्याने एकदा उटनूर-जैनूरच्या वाटेने तेथवर जावे. सागाच्या रानात, गवताच्या झोपड्यांच्या जागी आता पक्की घरे दिसतील. तेथे दोन समाध्या शेजारी शेजारी आहेत. त्यांपुढे क्षणभर उभे राहून, आपल्या हाती असलेला दीर्घ काळ आपण कोणाच्या कामी लावणार आहोत, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःस विचारावा.